भरतात गेलेलं दार

मेहरूणमधल्या आमच्या नव्या घराचं पुढचं दार वास्तुशांतीच्या दिवशी वांग्यांखाली जळालं.

हे मी शांतपणे सांगतोय, कारण रडून केव्हाच झालंय. गोष्ट नव्वद सालाच्या आसपासची. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि सातपुड्यातला साग वाचवा म्हणून वर्गात घसा कोरडा करायचो. (पोरं मागच्या बाकावर झोपायची, पण ते असो.) घर बांधायला काढलं तेव्हा माझे सासरे नाना अमळनेरजवळच्या त्यांच्या गावाहून आले आणि ओसरीत बसायच्या आधीच म्हणाले, "जवाईबापू, दरवाजा मी देस. सागना!"

"नाना, सागाला मी हात लावणार नाही. मी पऱ्हाटीच्या फळीचं दार बसवणार!"

नानांनी माझ्याकडे न बघता आपल्या लेकीला विचारलं, "सुमन, यासनी तब्येत बरी शे ना?"

कापूस वेचून झाला की शेतात ज्या काड्या उरतात ती पऱ्हाटी. आमच्याकडे ती चुलीत जाते, नाहीतर भरताची वांगी भाजायला. धुळ्यात एका माणसाने तिचा भुसा करून, त्यात चिकट रसायन घालून, दाबून फळ्या करायला सुरुवात केली होती. मी हट्टाने नानांच्या खळ्यातली सगळी पऱ्हाटी ट्रॅक्टरने धुळ्याला धाडली आणि तिचं गुळगुळीत, चॉकलेटी दार करून आणलं. माझ्या लेखी तो जीवनमरणाचा प्रश्न होता. दार टिकलं तर मी खरा. नाही टिकलं तर जन्मभर सासऱ्यांच्या सागवानातून घरात शिरायचं!

वास्तुशांतीच्या दिवशी पहाटे सुमनने रीतीप्रमाणे उंबरा धुतला. उंबऱ्याबरोबर दारही धुतलं. चांगल्या दोन बादल्या ओतून!

"अगं, त्याला पाणी चालत नाही!"

"दाराला पाणी चालत नाही? मग पावसाळ्यात काय त्याला आत घ्यायचं?"

या प्रश्नाचं उत्तर कारखानदारानेही मला दिलं नव्हतं. तासाभरात दार खालून पुरीसारखं फुगलं आणि चौकटीत मावेना. सुतार आला, त्याने दार बोटाने दाबून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सर, काढून ठेवू. दुपारपर्यंत सुकलं तर रंधा मारतो." आम्ही दोघांनी दार उतरवून परसात भिंतीला टेकवलं. त्याच परसात नाना भरताच्या तयारीला लागले होते. तिकडे माझं लक्ष जायला हवं होतं.

पण मला गुरुजींनी पाटावर बसवलं. होम पेटला. थोड्या वेळाने मागून धूर येऊ लागला आणि त्याला औषधाच्या दुकानासारखा वास यायला लागला.

"गुरुजी, हा धूर आपला नाही!"

"यजमानांनी मधे बोलायचं नाही."

"मी जरा बघून येतो..."

"यजमानांनी उठायचं तर मुळीच नाही. तूप घाला!"

मी तूप घातलं. आता आठवलं, धुराच्या आधी परसातून नानांचा आवाज आला होता, "आरे, वांगा भुंजाले पऱ्हाटीच नही! जवाईनी बठ्ठी धुळाले धाडी दिन्ही!" मग काही तरी ओढल्याचा, मग कुऱ्हाडीचा आवाज. सुमन शेजारी हात जोडून बसली होती आणि डोळे मिटून हसत होती. तिला सगळं कळलं होतं!

पूर्णाहुती झाली तसा मी सोवळं सावरत धावलो. दाराचे तुकडे झाले होते, त्यांवर हिरवी वांगी रचली होती आणि नाना खोकत पंखा मारत होते.

"नाना! हे माझं दार!"

"दार?" नाना खरोखर चकित झाले. "तुम्हीच सांगं ना, पऱ्हाटी शे म्हनीसन! मन्हीच पऱ्हाटी. मन्ही पऱ्हाटी मी जाळी, त्यामा काय?"

मी त्यांच्या हातातला पंखा काढून घेतला.

"आनि जवाईबापू," नाना खालच्या आवाजात म्हणाले, "हाई धड जयत बी नही!"

धड न जळणाऱ्या ओल्या फळीच्या त्या धुराने भरताची वाट लागली. पाहुणे पुरी आणि कांद्यावर जेवले, आणि उघड्या चौकटीसमोरून जाणारं प्रत्येक कुत्रं आत डोकावून गेलं. मी जंगल वाचवायला निघालेला माणूस, दारच नसलेल्या घरात सोवळं नेसून कुत्री हाकलत होतो. इतकं हताश मला त्यानंतर कधीच वाटलं नाही.

संध्याकाळी मी नानांसमोर मान खाली घातली. "पाठवा तुमचं दार."

दार आलं ते एवढं भारी की आमच्या चौकटीला पेलेना, म्हणून नानांनी चौकटही सागाची पाठवली. त्या चौकटीशेजारी खिडक्या दरिद्री दिसतात, असं सुमनला वाटलं; मग त्याही आल्या. उरलेल्या लाकडाचं काय करायचं म्हणून नानांनी मला एक टेबल करून दिलं. साग वाचवण्यावरची माझी सगळी व्याख्यानं मी पुढे त्याच टेबलावर बसून लिहिली.