हळू वाजवून बघणारा

नव्वदच्या दशकात मी बहरीनला नोकरीला होतो. घरात पहिली म्युझिक सिस्टीम घ्यायची म्हणून मनामा शहरातल्या एका दुकानात शिरलो आणि दोनशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर मागितला. विक्रेता रत्नागिरीकडचा निघाला. पन्नाशीचा, खिशात कंगवा, आणि महागड्या मशीनवर खुशाल कोपर टेकून उभं राहायची सवय.

"खोली केवढी तुमची?"

"दहा बाय बारा."

"मग दोनशे वॅट कोणाला ऐकवताय? सौदीला?"

त्याने सतारीची कॅसेट लावली आणि मी मागितलेला अ‍ॅम्प्लिफायर अगदी हळू वाजवला. सतारीला सर्दी झाल्यासारखं वाटलं. मग अर्ध्या किमतीचा, चाळीस वॅटचा, तेवढाच हळू लावला. तारेवरून बोट सरकलेलंही ऐकू आलं.

"मोठ्याने सगळेच बोंबलतात, साहेब. हळू बोलताना कोणाचा आवाज फाटतो, ते बघायचं. आता आमचे शेठच घ्या."

गल्ल्यावरच्या शेठला मराठी येत नव्हतं. तो आमच्याकडे बघून प्रसन्न हसला.

मी चाळीस वॅटवालाच घेतला. विक्रेता खोक्याला सुतळी बांधत होता, तेव्हा विचारलं, "तुमच्या घरी कोणता आहे?"

"माझ्या?" तो खदखदून हसला. "खोलीत आम्ही आठ जण. आठही घोरतात. तिथे काय ऐकणार, डोंबल?"

बाहेर पडून मी काचेतून मागे पाहिलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तो डोळे मिटून, स्पीकरला कान लावून उभा होता.