पेवातली ओ

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. मी बोलणारही नाही, कारण महालिंगअप्पांबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाहीच. पण जिवंत माणसाबद्दल बोलू नये असं कुठल्या पोथीत लिहिलेलं मी तरी ऐकलं नाही... तेव्हा हा लेख वाचून कुणाला झोंबलं तर खुशाल झोंबू दे.

बातमी आली तेव्हा मी उमापूरच्या अंगणवाडीत पोरांना सुकडी वाढत होते. तलवाड्याकडून येणारा दूधवाला सायकलवरून न उतरताच म्हणाला, "बाई, अप्पा गेले." तलवाडा माझं माहेर. अप्पांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एक, लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर खेळलेली मी. पातेलं मदतनीस बाईच्या हातात दिलं आणि आहे तशी निघाले. पोचले तर शेतात खड्डा खणून झाला होता. अप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. कपाळाला भस्म लावलेले अप्पा दुकानात रेडिओ उघडून बसायचे तसेच बसलेले होते. माती लोटायच्या आधी गंगाअक्का, म्हणजे अप्पांची बायको, खड्ड्याच्या काठाशी वाकल्या आणि त्यांनी हाक मारली, "अहो..." आणि तशाच वाकून थांबल्या. बायका कुजबुजल्या, डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या. परिणामबिरिणाम काही नव्हता. त्या कशाची वाट बघत होत्या ते मला ठाऊक होतं, आणि तेच सांगायला हे लिहायला बसले आहे.

अप्पांचं तलवाड्यात रेडिओ दुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं. भाऊबंद सगळे किराण्यात. हे एकटेच तारा आणि कॉइलच्या नादी लागलेले. दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोणपाट ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. गावची भजनी मंडळं, भारुडवाले तिथं येऊन गायचे. अप्पांचा जीव की प्राण म्हणजे एक इको मशीन. छोट्या ट्रंकेएवढा डबा, आत टेपचं एक वेटोळं सारखं फिरायचं आणि आपलाच आवाज मागून हलकेच परत यायचा. कोरड्या गळ्याला त्यानं एकदम देवळातला घुमारा मिळायचा. मशीन मुंबईच्या एका छोट्या कारखान्यातलं होतं. वेटोळं झिजलं की अप्पा पत्र टाकायचे, पंधरा दिवसांत नवं वेटोळं टपालानं यायचं. मग खुल्या बाजाराची वर्षं आली. तालुक्याच्या दुकानांत परदेशी टेप, परदेशी टीव्ही दिसायला लागले. आणि एकदा अप्पांचं पत्रच परत आलं, पाकिटावर पोस्टमनचा शेरा, कारखाना बंद. वेटोळं तर तुटायला आलेलं. अप्पा आठवडाभर नीट जेवले नाहीत, असं अक्का सांगायच्या.

नेमक्या त्याच वर्षी नवरात्रात देवीपुढं म्हटलेलं माझं गाणं शेठनं ऐकलं. शेठ म्हणजे तालुक्याच्या गावी कॅसेटची कंपनी चालवणारा माणूस. त्यानं तेव्हा नुकतंच एक जपानी मशीन आणलं होतं, बटण दाबलं की पाहिजे तेवढा घुमारा. देवीच्या गाण्यांची कॅसेट काढू म्हणाला, माझ्या स्टुडिओत या. सासूबाईंनी साफ नाही सांगितलं. माहेरी जाऊन गा, पण परक्या गावी खोलीत कोंडून घेऊन गायचं नाही. मग शेठनं दुसरी तोड काढली. अप्पांकडे रेकॉर्डिंग करा, पण मशीन मी तिकडं धाडणार नाही, टेप घुमाऱ्यासकट तयार पाहिजे, कोरडी कॅसेट कोण घेतं? आणि अप्पांना म्हणाला, तेवढं जमवा, कॅसेटच्या कागदावर तुमचं नाव टाकतो. अप्पांना एवढंच हवं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज गावोगाव पोचवलेल्या माणसाला एक छापील ओळ हवी होती... ध्वनिमुद्रण, महालिंगअप्पा, तलवाडा.

तिथून अप्पांची शोधाशोध सुरू झाली. साध्या कॅसेटची टेप कापून, जोडून त्यांनी वेटोळं केलं, तर फेऱ्यागणिक जोडाची टक व्हायची. माझ्या प्रत्येक ओळीमागं कुणीतरी अडकित्त्यानं सुपारी फोडतंय असं वाटायचं. मग तेलाच्या डब्यात स्प्रिंगा ताणून बघितल्या, तर देवी डब्यातून बोलायला लागली. महादेवाच्या गाभाऱ्यात गुरवानं परवानगी दिली, पण येणारा प्रत्येक जण आधी घंटा वाजवणार, आणि भक्ताला घंटा वाजवू नको म्हणायचं कुणी? चकलांब्याला पाण्याची नवी टाकी बांधून झाली होती, पाणी अजून सोडलं नव्हतं. अप्पा तारांची गुंडाळी खांद्यावर टाकून तिच्यात उतरले. तिथला घुमारा इतका लांब, की तिसरी ओळ सुरू झाली तरी पहिलीचा मुक्काम हलेना. उपयोग शून्य, पण अप्पा टाकीत बसून तासभर नुसत्या टाळ्या वाजवत होते, खुशीत. मी म्हटलं, अप्पा, लोक हसायलेत. तर म्हणाले, "हसू दे गं. त्यांस्नी काय ठावं, मी काय ऐकायलो."

घुमारा शेवटी सापडला अक्कांना. आमच्याकडे पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीतला रांजणच म्हणा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट खोलीएवढं. आत वाईट हवा साठते, गुदमरून माणसं गेलेली आहेत. म्हणून आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणसानं कमरेला दोर बांधून उतरायचं. वरच्यानं दोर धरायचा आणि सारखी हाक मारायची. खालच्यानं प्रत्येक हाकेला ओ द्यायची. ओ आली नाही की विचार करत बसायचं नाही, दोर ओढायचा. अप्पांच्या घरी लग्न झाल्यापासून हे काम दोघांचंच, खाली अप्पा, वर अक्का. अक्कांचा आवाज एरवी शेजारच्या खोलीत जायचा नाही. आयुष्यात त्यांनी नवऱ्याला मोठ्यानं हाक मारली ती फक्त पेवाच्या तोंडाशी. त्या वर्षी ज्वारी पोत्यात ठेवायचं ठरलं, शेवटचं पेव रिकामं झालं आणि अप्पा झाडायला आत उतरले. अक्कांनी हाक मारली, ओ आली आणि अक्का वरून म्हणाल्या, "तुमी समदा तालुका पालथा घालायलाव. हितं जरा ऐका की, तुमची ओ कशी येती ते."

अप्पा वर आले ते हसतच. पेवाच्या भिंतींना लावलेला कडबा काढून टाकला, माती आवाज खाते म्हणून आतून चुन्याचा गिलावा केला, गोट्यानं घासून घासून तो काचेसारखा गुळगुळीत केला. तळाशी स्पीकर ठेवला आणि मध्यावर माईक टांगला. मी खोलीत गायचं, माझा आवाज तारेतून पेवात जायचा आणि तिथून घुमून परत टेपवर यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज माझा आहे, यावर माझाच विश्वास बसेना.

गावची पिठाची गिरणी दुपारी बंद असायची, तेवढ्या वेळात आम्ही रेकॉर्डिंग उरकायचो. शेवटच्या गाण्याला खालच्या स्पीकरची तार सैल झाली, आवाज तुटायला लागला. वेळ थोडा होता. अप्पा म्हणाले, मी खाली बसून जोड चिमटीत धरतो, तुमी गाणं थांबवू नका. दोर अक्कांच्या हातात. पण गाणं चालू असताना हाक कशी मारायची? म्हणून ठरलं, अक्कांनी दोराला हिसका द्यायचा आणि अप्पांनी खालून उलटा हिसका द्यायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. सगळं गाणं तसंच पार पडलं. त्या गाण्याच्या शेवटी देवीला तीन हाका आहेत, माय... माय... माय... तिसऱ्या हाकेचा घुमारा अजून विरत होता, टेप चालू होती, अक्कांनी हिसका दिला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं अप्पांनी तोंडानंच ओ दिली.

वर आल्यावर डोक्याला हात लावून बसले. "नासवलं गं मी समदं." परत करू म्हटलं तर लाइट गेली. ती दोन दिवस आली नाही आणि शेठचा माणूस टेप न्यायला दारात उभा. कॅसेट तशीच निघाली. आणि गावोगाव वाजली. बायका त्या जागेला हात जोडायच्या, देवीनं ओ दिली म्हणायच्या. घुमाऱ्यामुळं तो आवाज बाईचा की बाप्याचा तेसुद्धा कळत नव्हतं.

छापील कागद आला. अप्पांनी चष्मा पुसून तो दोन्ही बाजूंनी वाचला. ध्वनिमुद्रण म्हणून शेठचं स्वतःचं नाव होतं आणि खाली ओळ, जपानी मशीनवर मुद्रित. मी अप्पांना घेऊन शेठकडे गेले. त्यानं चहा पाजला आणि अगदी गोडीत म्हणाला, "घाई झाली हो अप्पा. नाव तेवढं राहून गेलं." पुढच्या छपाईला टाकू म्हणाला. पुढं चार वेळा छपाई झाली. चारही वेळा घाईच झाली.

अप्पा म्हणायचे, जाऊ दे कावेरे, आवाज तर लोकांनी ऐकला ना. मला त्या सोसण्याचाही राग यायचा. मी सोसणाऱ्यांतली नव्हे. शेठनं दुसरी कॅसेट मागितली, मी दिली नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टका म्हणायला बोलावलं, तर घसा बसलाय असा निरोप धाडला आणि त्याच दिवशी त्याच्या गल्लीतल्या एका बारशात मोकळ्या गळ्यानं गायले. भिंतीपलीकडं ऐकू जावं म्हणून जरा जास्तच मोकळ्या. सहा वर्षं असलं काही ना काही चालू होतं. त्यानं अप्पांचं काही भलं झालं नाही हे मलाही कळतं, पण मला बरं वाटायचं.

सोळाव्या दिवशी शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. लाऊडस्पीकर अप्पांच्याच दुकानातला. शेठ पांढराशुभ्र झब्बा घालून आला होता. फोटोला हार घातला आणि बोलायला उभा राहिला, म्हणे अप्पा भला माणूस, मीच त्यांना हाताला धरून शिकवलं, माझ्या मशीननं त्यांच्या कामाला घुमारा दिला. मी पदर खोचून उठणारच होते. तेवढ्यात त्यानंच सुचवलं, श्रद्धांजली म्हणून कॅसेटमधलं शेवटचं गाणं ऐकू या. स्वतःच्या हातानं लावलं. माझा आवाज पटांगणभर गेला. तिसरी माय आली, विरायला लागली... आणि मागून ओ आली.

अक्का बायकांत बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. पेवाच्या तोंडाशी मारायच्या तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "देवी न्हाई ती. आमचे हे हायेत. पेवातून ओ द्यायलेत, दोर माझ्या हातात हुता." मग शेठकडे वळून, काही खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "शेठ, तुमच्या मशीनीत आमचे हे कसे गेले?"

शेठनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. कुणीतरी म्हणालं, परत लावा. परत लावलं. ज्या बायकांनी ती ओ ऐकून सहा वर्षं हात जोडले होते, त्यांनी या वेळी फोटोकडे बघून जोडले. शेठ कधी उठून गेला ते कुणी बघितलं नाही. मी बघितलं. खोटं कशाला सांगू, शोकसभेत बसून मला आनंद झाला आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

घरी आल्यावर अक्कांनी अप्पांचा हत्यारांचा डबा उघडून दाखवला. पेचकसांच्या खाली ती कॅसेट होती. छापील कागदावर, शेठच्या नावाखाली उरलेल्या बोटभर जागेत, निळ्या पेनानं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं... ध्वनिमुद्रण, महालिंगअप्पा, तलवाडा. म्हणजे जाऊ दे, जाऊ दे म्हणणाऱ्या माणसाच्या आतून ते गेलंच नव्हतं. सहा वर्षं मी त्यांच्यावर चिडत होते आणि ते हे उराशी धरून रेडिओ दुरुस्त करत होते. मी तिथंच खाली बसून रडले.

पेव अजून उघडंच आहे, दोर खुंटीला आहे. दुपारी गिरणी थांबली की अक्का टेपवर ते शेवटचं गाणं लावतात. तिसरी माय विरायला लागली की हळूच म्हणतात, "अहो..." आणि ओ येते. खड्ड्याशी वाकून ज्याची वाट बघितली ते त्यांना रोज दुपारी मिळतं.

परवा उमापूरच्या एसटीडी बूथवर माझ्यासाठी फोन आला. शेठ होता. ताई, पेपरात अप्पांवर लिहिताय म्हणे, चांगलं आहे, झालं गेलं विसरून जा, फक्त लेखात माझंही नाव असू द्या, शेवटी कॅसेट मीच काढली होती. मी म्हटलं, हो, का नाही, टाकू की.

आता लेख पुरा झाल्यावर वरपासून खालपर्यंत वाचून बघितला. शेठ, तुमचा उल्लेख जागोजागी आहे. पण घाई झाली हो... नाव तेवढं राहून गेलं.