पापणीच्या आतला रंग

बीडच्या कॉलेजात माझी पहिली फजिती झाली ती डोळा बघण्यावरून. मेडिकल लॅबच्या कोर्सचं पहिलं वर्ष होतं. रक्त काढण्याआधी समोरचा माणूस नीट बघायचा, असं आमच्या सरांचं म्हणणं. अंगात रक्त कमी असेल तर खालच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसते. सरांनी विचारलं, "कुणाला बघता येतं?" मी लगेच हात वर केला, कारण लहानपणापासून मी हेच करत आले होते. शेजारच्या मुलीला पुढे ओढलं, तिची मान काखेत आवळली आणि अंगठ्यानं पापणी खाली केली. ती किंचाळली आणि सगळा वर्ग हसायला लागला.

आमच्या घरी मेंढरं. पोटात जंत झाले की मेंढीचा डोळा आतून पांढरा पडतो, आणि मेंढी काही आपण होऊन डोळा दाखवत नाही. मान काखेत धरावीच लागते. चिडून मी हे सगळं भर वर्गात सांगून टाकलं. सर म्हणाले, "पकड सोड. बाकी बरोबर आहे." तेवढ्या एका वाक्यावर मी त्या कॉलेजात टिकले, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या वर्षी हिमोग्लोबिन मोजायची जुनी पद्धत शिकवली. काचेच्या नळीत थोडं आम्ल, त्यात बोटातलं मोजकं रक्त. दहा मिनिटं थांबायचं. मग थेंब थेंब पाणी घालत नळीतला रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. पाणी जितकं जास्त लागेल, तितकं रक्त चांगलं. सुट्टीत सरांना विचारून मी एक जुना संच घरी नेला. खरं सांगायचं तर मिरवायला नेला.

मेंढरं तेव्हा सिरसाळ्याच्या पुढं एका शेतात खतासाठी बसवली होती. मी पोचले तेव्हा माझे वडील, आबा, एकेक मेंढी काखेत धरून डोळे बघत होते. दर आठ दिवसांनी ते हे करतात. माय पाण्याचा हंडा उतरवून दगडावर दम खात बसली होती. फोनवर ती दोन वर्षं सांगत होती, "लई दम लागतोय." आणि मी दोन वर्षं "आराम कर" म्हणून मोकळी होत होते.

"दाखव की तुझी कला," म्हणत तिनं बोट पुढं केलं. मी सुई टोचली, रक्त घेतलं, दहा मिनिटं थांबले. मग पाणी घालायला लागले. वर्गातल्या मुलींची नळी अकरा-बाराच्या खुणेपर्यंत भरायची. मायचा रंग सहापाशीच जुळला. आणखी एक थेंब घालावा असं फार वाटलं. घातला असता तर रंग नुसताच पातळ झाला असता.

"माय, उद्या दवाखान्यात जायचं."

"आन् मेंढरं कोण वळंल? आबा एकटं?" ती उठून चुलीकडं गेली. "काचंत पाणी घालून दुखणं कळतंय व्हय? समद्याच बाया दमत्यात."

मी आबांकडं गेले. त्यांना सहाचा आकडा सांगितला. सहा म्हणजे बरं की वाईट, ते त्यांना कळेना. मी खुणा समजावल्या, काच दाखवली. ते मान हलवत पुढची मेंढी धरायला निघाले. मला राग अनावर झाला.

"आबा, मेंढरं ठेवा बाजूला. मायचा डोळा बघा. मेंढीचा बघता तसाच."

आबा थांबले. त्यांनी धोतराला हात पुसले, शेतात कुणी आहे का ते बघितलं आणि चुलीजवळ जाऊन मायपुढं बसले. माय लाजली. "काहून असं करताय, पोरीसमोर," म्हणाली. त्यांनी मान धरली नाही. एक हात हनुवटीखाली ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पापणी अलगद खाली केली. आबांनी मायच्या तोंडाला हात लावलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

ते बराच वेळ बघत राहिले. मग दुसरा डोळा बघितला.

"मेंढरू असतं तर मी कवाच वळखलं असतं," ते म्हणाले.

"मग मेंढरूच व्हाया पायजे हुतं मी," माय म्हणाली आणि हसली. आम्ही दोघं हसलो नाही.

सकाळी आबांनी मेंढरं चुलत्याच्या हवाली केली. बीडच्या गाडीत मायला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतःही शेजारी बसले. मी मागच्या सीटवर मांडीवर संच धरून बसले होते. वाटेत दोनदा त्यांनी तिची हनुवटी उजेडाकडं वळवून डोळा बघितला.