कापडाची झाक

तूबाचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. तंदूर पेटवायचा, लवाशच्या पातळ रोट्या भाजायच्या, मेंढ्यांना चारा टाकायचा आणि मग आरोग्यघराचं कुलूप काढायचं. इराणातल्या अहरच्या डोंगरातल्या वाड्या आरोग्यसेविका म्हणून तिच्याकडे होत्या. बाळंतिणीच्या घरी ती पायी जायची. बाळाला खिडकीशी नेऊन कपाळावर बोट दाबायची आणि बोट उचलताच कातडीचा रंग बघायची. पिवळा दिसला तर कावीळ.

मग सरकारी मोबाईल आला. फोटो पाठवला की शहरातली डॉक्टरीण काय ते सांगायची. काम हलकं झालं, तशी तूबाही सैलावली.

गुलअंदामला मुलगा झाला, आयदिन. बाहेर बर्फ पडत होतं. तूबा चढून पोचली तेव्हा गुलअंदामच्या सासूने, नबात आजीने, काविळीवर उपाय म्हणून बाळ पिवळ्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं.

"कापडाला हात लावायचा नाही हं," आजी म्हणाली. "तुझ्या त्या डबीला दिसत नसेल, तर तिला चष्मा लाव."

तूबा हसली. साखरेचा खडा दाताखाली धरून चहा प्याली. कापडासकट फोटो काढून पाठवला.

डॉक्टरणीने लिहिलं, "चेहरा पिवळा दिसतोय. बाळ पिवळं आहे की कापडाची झाक?"

बघायचं तर आजीशी वाद घालावा लागणार होता. तूबाने उत्तर पाठवलं, "कापडाची."

तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेना. शहरात नेलं म्हणून वाचलं. पण वर्ष उलटल्यावरही शेजारी परात पडली तरी आयदिन मान वळवत नसे. कावीळ कानांना भोवली होती.

तूबाला कुणी बोल लावला नाही. "कापडच फिकं निघालं, माझं चुकलं," म्हणत आजी रडायची आणि तूबाला चीज बांधून द्यायची. तूबा ते घरी नेऊन तसंच ठेवून द्यायची.

मशहदला इमामाच्या दर्ग्याच्या यात्रेसाठी तिने पगारातून पैसे साठवले होते. ते तिने बाहेर काढले.

"आणि इमामाला काय सांगू?" नवऱ्याने, मुख्तारने विचारलं.

"सांग, बायको अजून यायच्या लायकीची नाही."

श्रवणयंत्रं घेऊन ती वर गेली. सासूसुनेच्या समोर बसून म्हणाली, "आजी, दोष कापडाचा नव्हता. मी ते बाजूला केलं नाही, बोटही दाबलं नाही. न बघता डॉक्टरणीला कळवलं."

आजीने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. गुलअंदामने आयदिनला जवळ ओढून घेतलं.

"मावशी, एका बोटाचं काम होतं."

"हो."

"एका बोटाचं."

"हो गं."

"यंत्रं ठेव. आणि जा."

मशहदच्या पैशांत दोन्ही कानांची यंत्रं आली. त्यांच्या बॅटऱ्या लवकर संपतात. त्या तूबाच्या पगारातून येतात. ती चढ चढून जाते, उंबऱ्यावर पुडी ठेवते आणि परत फिरते. आत ये, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.