बिनमुंडक्या मोराचा चांदवा

कितीतरी वर्षं मी देवीच्या देवळात मान खाली घालून जात असे. गावच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसून म्हणायच्या, "पाह्य व, केवढी लीन हाय! डोळे वर नाई करत." ते कानावर आलं की मी डोळे आणखी थोडे मिटून घ्यायची. खरी गोष्ट निराळी होती. मान वर केली की देवीच्या डोक्यावरच्या उघड्या तुळया दिसत, आणि त्या तुळयांना मी बोललेला चांदवा बांधलेला नव्हता. देवाच्या डोक्यावर छतासारखं बांधतात ते कशिद्याचं कापड, तो चांदवा. माझा चांदवा घरी माझ्या पेटीत पडून होता. त्यावर अडीच मोर होते. तिसऱ्याला पिसारा होता, पाय होते, मुंडकं नव्हतं. माझी भक्ती म्हणून जी वाखाणली जाई, ती निव्वळ लाज होती.

त्या वेळची मी कशी होते ते सांगते. हसू आलं तर हसा, मी तर अजून हसते. माझं माहेर वाशीमचं. आमच्या गल्लीत एका शिंप्याच्या घरच्या चाचीनं मला कशिदा शिकवला होता, म्हणजे टाके घालायला शिकवलं होतं. आरसे लावायचं शिकवणार होती, तेवढ्यात माझं लग्न निघालं आणि किन्हीराजाजवळच्या या खेड्यात मी सून होऊन आले. आल्या दिवसापासून माझं सुरू: आमच्या वाशीमात असं, आमच्या वाशीमात तसं. इथल्या बायकांना पोती शिवण्यापलीकडे काय येतं, असं मला टवळीला वाटे. माझ्या सासूनं, आम्ही तिला आत्याबाई म्हणत असू, एकदा सरळ विचारलं, "एवढं तुह्या वाशीमात हाय, तं ह्या भाकरीले पदर काहून नाई सुटत?" मी भाकर थापत होते. थापतच राहिले.

लग्नाला वर्षं होत गेली आणि कूस उजवेना. नवरात्रात बायका देवीपुढं नवस बोलत. कोणी नारळ बोले, कोणी खण बोले. माझी पाळी आली तेव्हा देऊळ भरलेलं होतं. एवढ्या बायका ऐकायला असताना मी नारळ बोलणार होय! मोठ्यानं म्हटलं, "माय, माह्या मांडीवर लेकरू दे, तुह्या डोक्यावर मी माह्या हातानं चांदवा चढवीन. आठ मोराचा. आरशाचा." बायकांनी आ वासला. मला जे पाहिजे होतं ते तिथंच मिळालं. देवीला काय पाहिजे होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या नवरात्राच्या आत माझी कौसा जन्मली. देवीनं आपलं काम चोख केलं. मी माझ्या कामाला बसले. पहिला मोर छान उतरला. दुसऱ्यावर मी आरसे लावायला घेतले. येत नव्हतं, पण येत नाही म्हणायचं कोणाला? डिंकानं चिकटवले आणि कडेनं दोन-दोन टाके मारले. डिंक वाळला, आरसे टपाटपा गळाले. पुन्हा लावले, पुन्हा गळाले. तिसऱ्या मोराच्या मानेपर्यंत येता येता माझा जीव विटला. कौसाचे दात, कौसाचा खोकला, मग कापूस वेचणी, मग पाहुणे; कारणांचा मला कधी तोटा पडला नाही. कापड पेटीत गेलं.

आत्याबाई मात्र विसरली नाही. दरवर्षी दसरा झाला की ती माझ्या पेटीतून तो चांदवा काढायची, रिठ्याच्या पाण्यात धुवायची, उन्हात घालायची, कडुलिंबाचा पाला घालून घडी करून ठेवायची. धुताना अंगणातून ओरडायची, "सूनबाई, अजून मुंडकं नाई आलं व ह्या मोराले?" गडीमाणसं हसायची. मी चुलीपाशी दात खायची. मला वाटे, म्हातारी मला डिवचायलाच हे करते. डिवचायलाही करत असेल. पण तिच्या त्या धुण्यानं पुढं काय झालं ते ऐका.

कौसा मोठी झाली, वाशीमालाच दिली. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायची आमच्याकडे रीत. तिच्या सासरी आजारपण निघालं, आज नेऊ, उद्या नेऊ करता करता आठवा लागला. मग निरोप आला की घरात सगळेच आडवे पडले आहेत, पोरीकडे बघायला कोणी नाही, घेऊन जा. आत्याबाईचा चेहरा उतरला. सातव्यातलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं जुन्या बायका म्हणत. माझी भीती निराळीच होती. जिच्यासाठी नवस बोलले आणि फेडला नाही, तिच्याच बाळंतपणावर देवी बोट ठेवणार, असं मनानं घेतलं. एवढी वर्षं देवी आठवली नव्हती, आता घासाघासाला आठवू लागली.

त्या भीतीतही माझा लबाडपणा काही गेला नाही. वाशीमाला जाताना मी चांदवा गुपचूप बोचक्यात घातला. म्हटलं, शिंप्याकडून उरलेले मोर काढून घेऊ, देवीला काय कळतंय! बाजारातल्या एका म्हाताऱ्या शिंप्यापुढं कापड पसरलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "किसका काम है, बाई?" मी म्हटलं, देवीचा नवस आहे. त्यानं हळूच घडी घातली आणि कापड माझ्या हातात परत दिलं. "मन्नत बोलली तुमची जबान, अन् सुई माझी? असा सौदा मी नाई करत, बाई. तुमच्या देवीले मी कायले फसवू?" माझं तोंड असं झालं की मी पिशवीत घालून आणलेली भाजीही त्याच्या ओट्यावर विसरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. चैत्राचं ऊन. मी, कौसा आणि हाकायला आमचा गडी गणपत. विहिणीनं कशीतरी उठून ओटी भरली आणि कौसाला नवंकोरं लुगडं नेसवलं होतं. मीही व्याह्यांच्या दारी मिरवायला म्हणून खळही न उतरलेलं करकरीत लुगडं नेसून गेले होते, तेच अंगावर होतं. मालेगाव मागं टाकलं, दुपार भरली, आणि एका नाल्याच्या उताराला कौसानं माझं मनगट धरलं. मला कळलं.

जवळ गाव नव्हतं. गणपतनं गाडी एका मोहाच्या झाडाखाली सोडली. मी स्वतः बाळंत झालेली बाई, पण मी नुसती रडत बसले. "माय वो, धाव व" एवढंच तोंडातून निघत होतं. इतक्यात झाडामागून एक लमाणीण आली. डोक्यावर मोहफुलाची टोपली, दंडापर्यंत पांढरी कडी, अंगावर आरशांचा जड घागरा, गालात तंबाखू. टोपली खाली ठेवून तिनं गणपतकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू कायले उभा? बाळंत व्हायचं हाय का तुले? जाय, पाणी आण. अन् काड्या पेटव!" गणपत पळाला. मग ती माझ्याकडे वळली. "अन् तू रडून कायचं करून राह्यली? पोरीच्या पाठीशी बस, तिले धर." मी बसले. तिच्या आवाजात असं काही होतं की नाही म्हणायची सोयच नव्हती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मुलगी झाली. मुठीएवढी, निळसर, आणि रडेना. लमाणिणीनं कमरेचा विळा जाळात धरून नाळ कापली, लेकराच्या तोंडात बोट फिरवलं, पाठ चोळली, फुंकर घातली. मग हात पुढं केला. "जुनं कापड दे. नरम. लेकरू थंड पडून राह्यलं."

जुनं कापड! नव्या जिवाला पहिल्यांदा जुनेरातच घ्यायचं असतं, वापरून वापरून मऊ झालेल्या सुतात. नवं कापड त्या कातड्याला कुसळासारखं टोचतं. बाळंतपणासाठी जमवलेली जुनेरं सगळी घरी, आणि आम्हा दोघींच्या अंगावर पापडासारखी कडक लुगडी. गणपतचं धोतर गाडीच्या वंगणानं माखलेलं. तिचा स्वतःचा घागरा, ओढणी, सगळा आरसाच आरसा. तिची नजर फिरत फिरत माझ्या बोचक्यावर गेली. एक कोपरा बाहेर आला होता.

"ते काय हाय?"

"ते देवीचं हाय," मी म्हटलं. बाळंतपणाचा विटाळ लागला की ते कापड देवीला चालणार नाही, नवस कायमचा बुडाला, हे सगळं माझ्या डोक्यात एका झटक्यात येऊन गेलं.

"देवीचं हाय तं देवीच्याच कामाले दे," ती म्हणाली. "घरी ठेवून कोणतं काम करून राह्यलं ते?"

मी बोचकं सोडलं. त्या वेळी मनात म्हटलं, माय, आता चांदवाही तुझा, लेकरूही तुझं, मी तर तुझी होतेच, पण मला ठाऊक नव्हतं. एवढंच. दुसरा नवस बोलायचं धाडस झालं नाही. मोठ्यानं बोलायचा तर प्रश्नच नव्हता.

कापड हातात येताच तिनं ते गालाला लावून पाहिलं. दरवर्षीच्या धुण्यानं ते सायीसारखं झालं होतं. मोर होते ते एका कडेला. मधली सगळी जागा कोरी, एक टाका नाही, एक आरसा नाही. मी कामसू असते तर तिथं खडबडीत मोरांचं रान उठलं असतं. तिनं त्या कोऱ्या जागेत लेकराला गुंडाळलं आणि कौसाच्या उघड्या छातीवर ठेवून दिलं. वरून ती पाठ चोळत राहिली. बैल तेवढे चारा चावत होते. मग त्या गाठोड्यातून आवाज आला, आधी मांजरीच्या पिलासारखा, मग चांगला खणखणीत.

लमाणीण हसली. एवढ्यात तिचं लक्ष कापडाच्या कडेला गेलं. "काय व, ह्या मोराचं मुंडकं कुठी गेलं?" त्या रडारडीत मी जी हसत सुटले, ती थांबेना. कौसाही हसली. एवढी वर्षं ज्या प्रश्नानं दात खाल्ले, तोच प्रश्न त्या दिवशी साखरेसारखा लागला.

निघण्याआधी तिनं ओढणीतून एक सैल झालेला आरसा तोडला. ओढणीतच खोचलेला सुईदोरा काढून, लेकराला दृष्ट लागू नये म्हणून, चांदव्याच्या कोपऱ्यात लावू लागली. मी पाहत राहिले. आधी आरशावरून उभा-आडवा दोरा टाकून तो बांधून घेतला, मग त्या दोऱ्यांत सुई अडकवत गोल टाका काढला. "मी डिंकानं चिटकवत होती," मी कबूल केलं. "डिंकानं?" ती म्हणाली. "आरसा का भिंतीवरचा कागद हाय? त्याले धरून ठेवा लागते, बाई." टोपली उचलून ती नाल्याकडं उतरली. मी तिचं नावही विचारलं नाही.

पुढं बारसं झाल्यावर घरच्यांनी आसपासच्या तांड्यांत लुगडं आणि गूळ पाठवला. प्रत्येक तांड्यात एकच उत्तर, अशी बाई आमच्यातली नाही. आमचे हे म्हणाले, दूरच्या तांड्यातली असेल, मोह वेचायला कुठून कुठून येतात. आत्याबाईनं त्या संध्याकाळी देवीपुढं दोन दिवे लावले. मला विचाराल तर मला ठाऊक नाही. देवी तंबाखू खात असेल तर ती देवी होती. खात नसेल, तर तिनं खाणारीला पाठवलं.

सुयेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, फिटताच मी कशिदा घेऊन बसले. आत्याबाईला तोवर दिसेनासं झालं होतं. ती शेजारी बसून बोटांनी चाचपायची. एक-एक आरसा बांधून होई तसा नखानं हलवून पाही आणि म्हणे, "हा राह्यते." मधे लेकराच्या जागी फिकट तांबूस डाग राहिला होता, रिठ्यानंही गेला नाही. मी त्यावर कमळ काढणार होते. तिनं माझा हात धरला. "राहू दे. तिले दिसू दे." पुजारी चांदवा बांधायला चाचरला, सुयेराचं कापड कसं चढवू म्हणाला. आत्याबाईनं काठी आपटली. "बाळंतपणाचा विटाळ मायेले? मंग तिले माय कायले म्हणता रे?" चांदवा चढला. मी मान वर करून पाहत राहिले, इतकी की घरी येईस्तोवर मान आखडली. आत्याबाईला तेल लावून द्यावं लागलं, आणि तेल लावताना ती पोटभर हसली.

उरलेले पाच मोर आधी पुरे करून तिसऱ्या मोराचं मुंडकं मी सगळ्यात शेवटी काढलं होतं. पिसारा, मान, सगळं आधीच ठरून बसलेलं, जागा उरली नव्हती. म्हणून ते मागं वळलेलं निघालं. त्या चांदव्यात गुंडाळलेली पोर बोलायला लागली तेव्हा देवळात वर बोट करून विचारी, "आजी, तो मोर मागं काहून पाह्यते?" मी सांगे, "आजी आली का नाई, ते पाह्यते."

आता ती पोर स्वतः आरसे बांधते, माझ्यापेक्षा चांगले. मी देवळात जाते, बसते. जुन्या सवयीनं काही मागायला तोंड उघडतं, मग वर नजर जाते आणि मिटतं. माझ्या हातून जे झालं ते तिनं घेतलंच. जे झालं नाही, ती कोरी जागाही तिनं फुकट जाऊ दिली नाही. मग मी काय सांगणार तिला? नमस्कार करते आणि निवांत घरी येते. भाकरीला पदर अजूनही सुटत नाही. तेही तिच्यावरच सोडलं आहे.