रवीवरची कॉफी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका दिल्लीतल्या कॉफीशॉपांचा कट्टर शत्रू साऱ्या एनसीआरमध्ये शोधून सापडायचा नाही. काका केंद्र सरकारच्या नोकरीत, क्वार्टर लक्ष्मीबाई नगरात. एरवी माणूस इतका गरीब, की डास मारतानाही दोनदा विचार करील. पण एकुलती एक लेक ऋचा पहिल्या पगारात त्यांना मॉलमध्ये कॉफी प्यायला घेऊन गेली आणि सगळं बिघडलं. बिल त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून वाचलं आणि तिथल्या पोराला विचारलं, "इसमें कप भी मिलेगा ना?" ऋचा म्हणे तोंड लपवून बसली होती. बाहेर पडताना काकांनी जाहीर केलं, "एवढ्या पैशांत अख्ख्या बिल्डिंगला पाजीन. उद्यापासून कॉफी घरी!"

आणि खरंच पाजली हो! मशीन वगैरे घेणं म्हणजे शत्रूला शरण जाणं, म्हणून फेस काढायला मावशीची ताकाची रवी आली. कॅरॅमल म्हणून कोल्हापूरची काकवी. कॅफेत फेसावर पानाफुलांची नक्षी असते, तर काका रांगोळीचा छापा धरून वरून कोको भुरभुरवायचे. मी स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली मयूर विहारला खोली घेऊन राहते. दर रविवारी मेट्रोनं मावशीकडे जेवायला गेले की माझ्या कपात लक्ष्मीची पावलं उमटलेली असायची. "पी गं, यंदा प्रिलिम्स निघणार!" निघाली नाही, पण त्यात कॉफीचा दोष नव्हता. प्रत्येक कपात जायफळ मात्र इतकं, की त्यानंतर अभ्यास करणं माणसाच्या हातात राहत नसे. मावशी आपली लांबून बघायची. ती पक्की चहावाली. "तुझ्या काकांना निवृत्तीनंतर टपरी काढून देणारेय मी," म्हणायची.

सगळ्यात भारी म्हणजे त्यांची हाक. ऋचा ऑफिसातून सहाला यायची. काका स्वयंपाकघरातून कॅफेतल्या पोरासारखे ओरडायचे, "ऋचा के लिए कॉफी!" ती सोफ्यावरून, "बाबा, यार, मी इथेच आहे." तरी दुसरी हाक यायचीच. मग ती उठून कप आणायची आणि दोघं अर्धा तास बाल्कनीत बसून ऑफिसातल्या बॉसेसची यथेच्छ निंदा करायची. मैत्रिणींबरोबर कॅफेत बसायचं तिनं कधी सोडलं, तिलाही कळलं नाही.

मग ऋचानं फरीदाबादचा एक मुलगा पसंत केला. पंजाबी, दिसायला गोड, पण त्याच्या आईचं मन अजून होत नव्हतं. तिला मुलीकडची माणसं एकदा बघायची होती, त्यावर सगळं अडलेलं. ऋचा काकुळतीला आली. "बाबा, प्लीज, आपण कॅफेत भेटू ना!" काका बिल्कुल ऐकेनात. "आपलं घर असताना लोकांच्या टेबलावर मुलीचं लग्न ठरवू?"

पाहुणे रविवारी आले, म्हणजे मीही होतेच. मावशीनं सकाळी जेवणासाठी मठ्ठा केला होता आणि घाईत रवी नुसतीच झटकून खुंटीला लावली होती. काकांनी त्याच रवीनं मोठ्या जोशात पाच कप घुसळले. ट्रे बाहेर आला. मुलाच्या आईच्या कपात लक्ष्मीच्या पावलांशेजारी कोथिंबिरीचं एक पान ऐटीत तरंगत होतं. मी माझा घोट घेतला. हिंग, आलं, हिरवी मिरची, वर जायफळ. अगं बाई! ऋचानं डोळेच मिटले. त्या बाईंनी एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. "भाईसाहब, ये क्या महाराष्ट्र की मसाला कॉफी है?"

काका, ज्यांनी आयुष्यात सरकारी फाइलीतसुद्धा खोटा शेरा मारला नाही, ते छाती काढून म्हणाले, "बिल्कुल! हमारे यहाँ खास मेहमानों के लिए बनती है." बाईंनी आणखी अर्धा कप मागून घेतला आणि जाताना कृती विचारली. लग्न ठरलं. आज फरीदाबादच्या त्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मिरचीची कॉफी मिळते आणि ऋचाला ती रोज सासूबाईंसोबत हसत प्यावी लागते.

परवा रविवारी गेले, तर रवी खुंटीला कोरडी ठणठणीत. काका म्हणाले, "चल, मॉलमध्ये कॉफी घेऊ." मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. तर म्हणाले, "अगं, पैसे वाचवायचे म्हणून थोडीच करत होतो मी सगळं? पोरगी अर्धा तास घरात बसायची. आता कुणासाठी घुसळू?" मला एकदम भरून आलं. मी मुकाट चपला घातल्या.

काउंटरवरच्या मुलानं कपावर लिहायला नाव विचारलं. काकांनी ते सांगून टाकलं आणि बिलाकडे न बघता पैसे दिले. आम्ही कोपऱ्यात बसलो. खिशातून त्यांनी जायफळाची पुडी काढून टेबलावर ठेवली. थोड्या वेळानं तिकडून हाक आली, "ऋचा! ऋचा के लिए कॉफी!"

मी उठायला लागले, तर काकांनी माझा हात धरला.

"थांब गं. अजून एकदा हाक मारू दे."