साडेचार रुपयांचा थर्मामीटर

सोमवार, ५ ऑगस्ट १९७४. रक्कम साडेचार रुपये. हजर: वॉर्डच्या सिस्टर, त्यांची फुटतुटीची वही आणि मी. माझ्या हातून थर्मामीटर फुटला होता.

मी कोल्हापुरात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. विद्यावेतन साठ रुपये. मेसचे चाळीस, घरी पंधरा, उरले पाच. म्हणजे महिन्याला एक थर्मामीटर फोडणं परवडत होतं, दुसरा नाही. ‘ताण’ हा शब्द आम्ही तेव्हा दोरीपुरताच वापरायचो. विद्यार्थिनीची छाती धडधडली तर तिला काम कमी पडतंय, असं सिस्टरांचं निदान असे.

पारा उतरवायला थर्मामीटर झटकावा लागतो, आणि माझा हात कापायला लागला होता. मी उपाय काढला. थर्मामीटर डबीतच ठेवायचा, रोज सकाळी कपाळाला हात लावल्यासारखं करायचं आणि आकडा लिहायचा. खाटा अठ्ठावीस. सगळ्यांना एकच आकडा दिला तर संशय येईल, म्हणून कुणाला ९८.२, कुणाला ९८.६. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी माझा तक्ता साऱ्या मुलींना दाखवला.

“बघा, एक खाडाखोड नाही!”

खरं मोजणारीची खाडाखोड होते, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

चौथ्या दिवशी नऊ नंबरच्या खाटेवरून हाक आली. हर्नियाचं ऑपरेशन झालेले शिवाजी पेठेतले वस्ताद गळ्यापर्यंत चादर ओढून पडले होते.

“ओ सिस्टरबाई, कागदावर काय लिवलंसा?”

“अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, मामा.”

“आणि ते कुठनं आणलंसा? चार दिस झालं, काचंची कांडी दिसली न्हाय. हितं थंडीनं दात वाजाय लागल्यात की!”

शेजारच्या खाटेवरचा हसला. “वस्ताद, बाईंनी लिवलंय न्हवं? मग तुमास्नी ताप न्हाईच!”

डॉक्टर दहाला येणार होते. तक्ता तसाच ठेवला असता, तर जखम चिघळल्याचं त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळलं नसतं. मी डबी उघडली. १०२.६. तशीच सिस्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातला थर्मामीटर घेतला. खात्री करायला तरातरा वस्तादांपाशी आल्या, पारा उतरवायला हात झटकला, आणि थर्मामीटर खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटून फुटला.

“बाई, आता ह्यो कुनाच्या नावावर?” वस्तादांनी विचारलं.

वहीत माझं नाव लागलं. चार दिवसांत एकशे बारा खोटे आकडे लिहिणारीने एका खोट्या नोंदीवर काय हरकत घ्यावी? शिक्षा म्हणून महिनाभर सकाळ-संध्याकाळ अख्ख्या वॉर्डाचा ताप मीच मोजला. हात पुन्हा कापला नाही. सिस्टरांचाही फुटतो, हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी टाके उघडून पू काढला. तिसऱ्या दिवशी वस्तादांचा ताप उतरला. ९८.४, मोजून.

एकूण नऊ रुपये भरले, स्टोअरच्या कारकुनाकडे. त्या महिन्यात घरी अकराच गेले.